पगारात आपलं किती आणि गावाचं किती: नोकरीसाठी गाव सोडण्याआधी करायचा हिशोब

"मावशी, चाकणला अठ्ठावीस म्हणतायत. इथं साडेएकोणीस आहेत. जाऊ का?"

गेल्या मे महिन्यात माझा भाचा दारात चपला काढता काढताच हे बोलला. आयटीआयमधून मशिनिस्टचा ट्रेड केलेला, कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका मशीन शॉपमध्ये व्हीएमसीवर (धातूचं मशिनिंग करणाऱ्या संगणकी मशीनवर) चार वर्षं झालेली. मी त्याच्यापुढं चहा ठेवला आणि वही काढली. हा प्रश्न मला नवा नाही. तेवीस वर्षं मी कारखान्यांच्या टाइम ऑफिसात पगारपत्रकं करते आहे: आधी शिरोलीत, २००९ ते २०१९ चाकणला आणि आता परत कोल्हापुरात. गाव बदललं की त्याच माणसाचा पगार कसा बदलतो, हे मी शेकडो वेळा स्वतःच्या हातानं मांडलंय.

पगाराचा आकडा एकच दिसतो, पण त्यात वाटे असतात. एक वाटा तुमच्या हातातल्या कामाचा. एक कंपनीच्या ऐपतीचा. आणि एक जागेचा, म्हणजे तुम्ही त्या गावात उभे आहात म्हणून मिळणारा. गाव सोडलं की जागेचा वाटा तिथंच राहतो, हातातलं काम तेवढं सोबत येतं. म्हणून तिथं किती मिळतात हा प्रश्न अर्धाच आहे. त्यातलं किती माझ्याबरोबर परत येईल, हेही विचारायला हवं. भाच्याबरोबर त्या संध्याकाळी मी जे केलं, तेच इथं सांगते.

आधी दोन्ही आकडे तासावर आणा

ऑफर लेटर मागवा. फोनवर सांगितलेला आकडा वहीत लिहू नका. भाच्याकडं व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक कागद होता, तो नीट वाचल्यावर कळलं की २८,००० हा बारा तासांच्या ड्यूटीचा पगार आहे. आठ तासांचे २०,८०० आणि उरलेले ७,२०० रोजच्या चार तासांच्या ओव्हरटाइमचे. शिरोलीतले १९,५०० मात्र निव्वळ आठ तासांचे.

महिन्याचे २६ दिवस, दिवसाचे ८ तास, म्हणजे २०८ तास. शिरोलीत तासाला ९३ रुपये ७५ पैसे पडत होते, चाकणला बरोबर १००. साडेआठ हजारांचा वाटलेला फरक तासामागं सव्वासहा रुपयांवर आला. आता ओव्हरटाइम बघा. २६ दिवस रोज ४ तास म्हणजे १०४ तास, आणि त्याचे ७,२०० म्हणजे तासाला ६९ रुपये. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यानं दिवसाला ९ तासांच्या किंवा आठवड्याला ४८ तासांच्या पुढच्या कामाला दुप्पट दर द्यावा लागत होता. इथं तर नेहमीच्या दरापेक्षाही कमी मिळणार होतं. शिवाय महिन्याला इतका ओव्हरटाइम कायद्याच्या तिमाही मर्यादेत बसतच नव्हता. मुलाला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही विचारलं नव्हतं. विचारा. "आठ तासांचे किती?" एवढं एकच वाक्य.

मग कपाती मांडा. पीएफ बेसिक आणि महागाई भत्त्यावर १२ टक्के, ईएसआय (कामगार विमा) ०.७५ टक्के, व्यवसाय कर महिन्याला २०० (फेब्रुवारीत ३००). ईएसआयची मर्यादा महिना २१,००० ची आहे. ती ठरवताना ओव्हरटाइम धरत नाहीत, पण कपात मात्र ओव्हरटाइमवरही होते. ईएसआय कापलं म्हणून पोरं कुरकुरतात, पण घरात आईवडील आजारी पडले की तोच कार्ड उपयोगी पडतो, त्याला नुकसान समजू नका. भाच्याच्या हातात चाकणला २५,९१० येणार होते आणि शिरोलीत १७,३५३ येत होते. फरक ८,५५७.

आता खर्च. चाकणला कॉट बेसिसवर ३,०००, खानावळीचे ३,६००, महिन्यातून एकदा गावी येण्याजाण्याला आणि रोजच्या सहाआसनीला मिळून १,४००. एकूण ८,०००. इथं त्याचा खर्च पेट्रोलचे ८०० आणि आईच्या हातात ठेवतो ते १,०००. तफावत ६,२००. उरले २,३५७ रुपये, आणि त्यासाठी १०४ तास जास्त उभं राहायचं. तासाला तेवीस रुपयेसुद्धा नाहीत.

तो बराच वेळ गप्प बसला. मी म्हटलं, अरे, याचा अर्थ जाऊ नको असा नाही. याचा अर्थ एवढाच की अठ्ठावीसच्या आकड्यावर जाऊ नकोस.

जागेचा वाटा मापायला सरकारी पट्टी

एकच माणूस आणि एकच काम ठेवून नुसती जागा बदलली तर किती फरक पडतो, हे बघायचं असेल तर सरकारी पगार घ्या. तिथं माणसाची किंमत ठरलेली असते, त्यामुळं जागेचा वाटा सुटा दिसतो.

सातव्या वेतन आयोगात केंद्र सरकारच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग आहेत. ५० लाखांवर वस्ती ती एक्स, ५ ते ५० लाखांची वाय, त्याखालची झेड. आपल्याकडं मुंबई आणि पुणे एक्समध्ये. नागपूर, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, सांगली, अमरावती वायमध्ये. रत्नागिरी, सातारा झेडमध्ये. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर जानेवारी २०२४ पासून हे दर बेसिकच्या ३०, २० आणि १० टक्के झाले. म्हणजे २५,५०० बेसिकच्या कारकुनाला पुण्यात ७,६५०, कोल्हापुरात ५,१०० आणि साताऱ्यात २,५५० रुपये घरभाडं. टेबल तेच, फायली त्याच. पुणे आणि कोल्हापूर यांच्यात २,५५० चा फरक, तो निव्वळ जागेचा.

खाजगी नोकरीत ही पट्टी जशीच्या तशी लागत नाही, पण अंदाजाला फार कामी येते. कुणी म्हणालं, कोल्हापूरपेक्षा पुण्यात त्याच कामाचे दीडपट मिळतात, तर मी लगेच विचारते: काम खरंच तेच आहे का? कारण जागेमुळं दीडपट झालेलं मी क्वचितच पाहिलंय. बहुतेक वेळा मशीन वेगळं निघतं, कंपनी मोठी निघते, नाहीतर तास जास्त निघतात.

दुसरी पट्टी किमान वेतनाची. महाराष्ट्रात बहुतेक अनुसूचित उद्योगांत परिमंडळं (जागेनुसार पाडलेले गट) ठरलेली आहेत आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल असे दर वेगळे. दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, विशेष भत्ता सुधारतो. आपला कारखाना कोणत्या परिमंडळात येतो आणि आपल्याला कोणत्या वर्गात धरलंय, हे टाइम ऑफिसात जाऊन विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कुशल कामगाराला कागदावर अर्धकुशल दाखवलेलं मी पाहिलंय, आणि तो माणूस मात्र गावाला दोष देत होता की "इकडं पगारच नाहीत". गावाचा काही संबंध नव्हता.

राज्याराज्यांतली तफावत पाहायची तर रोजगार हमीची मजुरी बघा. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात दिवसाला २९७ रुपये होती, गोव्यात ३५६, हरियाणात ३७४. कुदळ तीच आणि माती खणायची तीही तशीच. बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात गेलं की त्या वर्षी ५९ रुपये वाढत होते.

सरासरीवर जाऊ नका, जाऊन आलेल्या माणसाला गाठा

चाकणचा सरासरी पगार जास्त आहे हे खरं. पण ती सरासरी कुणाची? तिथं इंजिनिअर जास्त, मोठ्या कंपन्यांचे कायम कामगार जास्त, आणि राज्यभरातून धडपड करून आलेली पोरंही जास्त. त्यांना उचलून उद्या शिरोलीत आणलं तर शिरोलीची सरासरीही वर जाईल. जागा काही न करताच श्रीमंत दिसते, कारण कमावणारी माणसं तिथं गोळा झालेली असतात.

माझी लेक अर्थशास्त्र शिकली. तिनं मला सांगितलं की जगातले अभ्यासक हा गुंता असाच सोडवतात: एकाच माणसाचा वर्षानुवर्षं माग काढायचा आणि जागा बदलल्यावर त्याचा पगार किती हलतो ते बघायचं. फ्रान्समधल्या कामगारांवरचा असा एक मोठा अभ्यास २००८ मध्ये आला. त्यात निघालं की भागाभागांतल्या पगाराच्या फरकाचा मोठा हिस्सा तिथं कोण राहतं यावरून येतो, फक्त जागेवरून नाही. ऐकून मला हसू आलं, कारण हेच तर मी बदलीचे कागद करताना बघत होते.

तुम्हीही हेच करा. आपल्या ट्रेडची, आपल्याएवढ्या अनुभवाची चारपाच माणसं शोधा, जी आपल्या गावाहून तिकडं गेली. त्यांना "किती मिळतात?" असं विचारू नका, त्याचं उत्तर चढवूनच मिळतं. विचारा: जायच्या आधीची शेवटची स्लिप कितीची होती आणि तिकडची पहिली कितीची? पहिल्या स्लिपवरची उडी बहुतेक जागेची आणि कंपनीची असते, कारण एका महिन्यात माणसाचं कसब वाढत नाही. त्यानंतर दरवर्षी जी वाढ झाली, त्यात शिकलेलं असतं.

आणि परत आलेल्यांना तर आवर्जून गाठा. त्यांच्याकडं सगळ्यात किमती माहिती असते: परतल्यावर पगार किती पडला? जाताना जेवढा चढला तेवढाच पडला असेल, तर तो माणूस तिथं राहून काही जादा कमावून आला नाही. चढला त्यापेक्षा कमी घसरला असेल, तर मधलं अंतर तो शिकून आला.

एक सावधगिरी. जे तिकडं टिकले नाहीत ते सहसा बोलत नाहीत, आणि ज्यांचं फार चांगलं झालं ते परतत नाहीत. त्यामुळं दोन्ही टोकांची माणसं तुमच्या वहीत कमी येतील. म्हणूनच एकाच मित्राच्या सांगण्यावर गाव सोडू नका.

माझा स्वतःचा हिशोब

२००९ मध्ये शिरोलीत मला ६,५०० मिळत होते. चाकणला पहिल्याच महिन्यात ११,००० झाले. मी तीच, माझं टायपिंग तेच, एक्सेल तेवढंच येत होतं. ते साडेचार हजार माझे नव्हते, आणि हे मला तेव्हा कळत नव्हतं. गावी आले की मी मोठ्या कंपनीत गेल्याच्या ताठ्यात बोलायचे.

पण पुढची दहा वर्षं मात्र खरी कामाची गेली. चौदाशे माणसांचं पगारपत्रक, ठेकेदारांची बिलं तपासणं, पीएफ-ईएसआयची चलनं, इन्स्पेक्शनला सामोरं जाणं, युनियनबरोबरच्या वेतन कराराची आकडेमोड. शिरोलीत राहिले असते तर यातलं निम्मंही माझ्या टेबलावर आलं नसतं. तिथं कुणी हुशार नाही म्हणून नव्हे, तर एवढ्या आकाराचं काम तिथं नव्हतं म्हणून.

२०१९ मध्ये सासूबाईंच्या आजारपणामुळं परतलो. चाकणला ४२,००० होते, कोल्हापुरात ३०,००० वर ठरलं. बारा हजार गेले तेव्हा मी रडले. मग माझ्या जुन्या टेबलावर बसणारी मैत्रीण भेटली. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच बी.कॉम. तिला तेव्हा २२,००० होते. घरी येऊन मी वहीत लिहिलं: १२,००० जागेचे आणि त्या कंपनीचे, ते तिथंच राहिले. ८,००० माझे, ते माझ्याबरोबर आले. हिशोब अगदी काटेकोर नाही हे मला कळतं. ती आणि मी हुबेहूब सारख्या नव्हतो, तिनं दोन बाळंतपणांत नोकरी सोडून परत धरली होती. तरी त्या आठ हजारांनी मला फार आधार दिला.

लेक म्हणाली, स्पेनमध्ये होर्खे दे ला रोका आणि दिएगो पुगा या दोघांनी २०१७ मध्ये हेच मांडलंय: माद्रिद-बार्सिलोनासारख्या मोठ्या शहरांत मिळवलेला अनुभव जास्त मोलाचा ठरतो, आणि शहर सोडलं तरी त्याचं बरंचसं मोल टिकतं. मला आतून ठाऊक होतंच, पण कुणीतरी मोजून दाखवलंय हे ऐकून बरं वाटलं.

किती दारं आहेत ते मोजा

काही गावं जास्त का देतात? घरभाडं महाग असतं म्हणून द्यावं लागतं, हे एक. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: तुमच्या कामाची किती दारं जवळजवळ आहेत. खोली न बदलता नोकरी बदलता येते का? येत असेल तर मालकाला तुम्हाला राखावं लागतं. तालुक्यात तुमच्या कामाचा एकच कारखाना असेल, तर तुम्ही कितीही चांगले असलात तरी दर तोच ठरवणार.

हे प्रत्येक ट्रेडला वेगळं असतं, म्हणून मोठं शहर म्हणजे जास्त पगार असं धरून चालू नका. फाउंड्रीतला मोल्डर किंवा पॅटर्न बनवणारा असेल, तर शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या पट्ट्यात त्याला जेवढी दारं आहेत तेवढी कित्येक मोठ्या शहरांत नाहीत. यंत्रमागाच्या जॉबरला इचलकरंजी सोडून पुण्यात जाऊन काय मिळणार? वाहनांच्या भागांचं बारीक मशिनिंग करणाऱ्याला मात्र चाकण-भोसरी-रांजणगावला पर्याय कमी. भाच्याला मी दोन दिवस दिले आणि सांगितलं, दोन्हीकडं व्हीएमसी सेटर (मशीन कामासाठी लावून देणारा) मागणाऱ्या जागा मोज. फक्त ऑपरेटर मागणाऱ्या मोजू नको. सेटरच्या जागा चाकणच्या बाजूला कितीतरी जास्त निघाल्या. आकड्यांवरून जाऊ नये असं वाटत होतं, पण या कारणानं जावं असं वाटायला लागलं.

बायकांनी हा हिशोब वेगळा करावा

हे मी कळकळीनं लिहिते, कारण माझ्या टेबलासमोर अशा कितीजणी बसून गेल्या. नवऱ्याची बदली झाली की घराचा हिशोब त्याच्या पगारावर होतो. त्याचे दहा वाढले, चला. तिची आठ वर्षं जुनी नोकरी सुटते, नव्या गावात तिच्या कामाची दारं कुठं आहेत ते कुणी मोजत नाही, आणि ती पुन्हा शिकाऊ म्हणून सुरुवात करते. तिच्या स्लिपवर पगार पडलेला दिसतो आणि लोक म्हणतात, बायकांना पगार कमीच असतात. तिचं कसब तसूभर कमी झालेलं नसतं. वहीत दोन रकाने करा, त्याचा आणि तिचा, आणि बेरीज दोघांची करा. पाळणाघर, रात्रपाळीनंतर घरापर्यंत येणारी कंपनीची गाडी, सासर-माहेरचा आधार, हे सगळं त्या रकान्यात पैशात मांडा. मूल आईकडं ठेवता येत होतं, तर त्याची किंमत शून्य धरू नका.

मागताना काय मागायचं

जायचं ठरलं तर घासाघीस एकूण आकड्यावर करू नका, तो आकडा कुठं बसतो यावर करा. जागेचा वाटा शहर भत्ता किंवा घरभाडं म्हणून दिला, तर लहान गावात बदली झाली की तो निघून जातो. तोच बेसिकमध्ये बसला तर टिकतो, आणि पीएफ त्याच्यावर चढतो. ग्रॅच्युइटीही मुख्यतः शेवटच्या बेसिक आणि महागाई भत्त्यावर निघते: त्याला १५ नं गुणा, २६ नं भागा, नोकरीच्या वर्षांनी गुणा. म्हणून सरळ विचारा, "बदली झाली तर यातलं काय कमी होईल?" उत्तर लेखी घ्या.

परत येणाऱ्यांनी तर मागायला अजिबात लाजू नये. "पुण्यात मला इतके होते" म्हणून भागत नाही, मालकाला पुण्याशी काही देणंघेणं नसतं. जे सोबत आणलंय ते दाखवा. मी मुलाखतीत चौदाशे माणसांचं पगारपत्रक किती दिवसांत बंद करत होते ते सांगितलं आणि ठेकेदाराच्या बिलातल्या चुका कशा पकडते ते तिथंच एक बिल घेऊन दाखवलं. आधी २५,००० म्हणत होते, ते ३०,००० वर आले.

भाचा जुलैत चाकणला गेला, पण त्या अठ्ठावीसवाल्याकडं नाही. दुसऱ्या ठिकाणी, आठ तासांची ड्यूटी, २१,५००, थेट कंपनीच्या रोलवर, आणि सहा महिन्यांनी सेटिंगवर घेऊ असं पत्रात लिहून घेतलंय. महिन्याला हातात उरणारे पैसे इथल्यापेक्षा कमीच आहेत. त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर मी दोन वर्षांत शिकायच्या गोष्टी लिहून घेतल्या: फानुक आणि सीमेन्स दोन्ही कंट्रोल, स्वतः प्रोग्रॅम लिहिणं, सीएमएमवर (मापं घेणाऱ्या यंत्रावर) तपासणी. दर जानेवारीत त्यानं तीन ओळी भरायच्या आहेत: आठ तासांचा पगार किती, यंदा नवीन काय हातात आलं, आणि शिरोलीत त्या कामाचे आज किती देतात. शिरोलीचा आकडा मी कळवायचा. स्लिपा मात्र सगळ्या जपायच्या, मोबाईलमध्ये फोटो आणि घरी कागद. कंपनी बंद पडली की स्लिप परत मिळत नाही.